इंग्रजी वाक्प्रचार आणि आपला माग

(श्रावण शुद्ध त्रयोदशीस, भगवान जिव्हेश्वर जयंतीच्या उत्सवात, सोलापूर येथील समाजबांधवांपुढे दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला आजच्या व्याख्यानासाठी विषय विचारला, तेव्हा मी "इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ आणि त्यांचा उगम" असे उत्तर दिले. त्यावर एका सद्‌गृहस्थांनी मोठ्या सौजन्याने शंका काढली की, जयंतीचा मंगल प्रसंग, सारा साळी समाज एकत्र जमलेला, अशा वेळी या शाळेतल्या विषयाचे प्रयोजन काय? शंका रास्त आहे, म्हणून प्रथम तिचेच निरसन करतो.

आपल्या परंपरेप्रमाणे आपले कुलदैवत भगवान जिव्हेश्वर हे श्रीशंकरांच्या जिव्हेपासून प्रकट झाले आणि त्यांनी देवांसाठी वस्त्र विणले. जिव्हा म्हणजे वाणी आणि वस्त्र म्हणजे माग. वाणी आणि माग यांची सांगड ज्या समाजाने आपल्या देवाच्या नावातच घालून ठेवली, त्या समाजापुढे भाषेविषयी चार शब्द बोलणे अप्रस्तुत होणार नाही, असे मला वाटते. शिवाय आज मी जे इंग्रजी वाक्प्रचार सांगणार आहे, ते बहुतेक सगळे मागाच्या खोलीतून, रंगाच्या हौदातून आणि सुताच्या गुंडीतून निघालेले आहेत. म्हणजे एका अर्थी ते आपल्या व्यवसायबंधूंचेच बोल आहेत, मग ते बंधू साता समुद्रांपलीकडचे का असेनात.

वाक्प्रचार म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. शब्दांचा सरळ अर्थ घेतला असता जो हाती लागत नाही आणि रूढीने जो ठरून गेलेला असतो, असा अर्थ ज्या शब्दसमूहाला असतो तो वाक्प्रचार. "त्याने हात टेकले" असे आपण म्हणतो, तेव्हा हात कोठे टेकले हे कोणी विचारीत नाही. आपल्या मुलांना इंग्रजीचे व्याकरण जमते, शब्दही पाठ होतात. परंतु वाक्प्रचारापाशी गाडी अडते. मग ती परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर-दोनशे वाक्प्रचारांची यादी घोकतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात. याला माझ्या मते औषध एकच. वाक्प्रचार कोठून आला हे एकदा समजले की तो घोकावा लागत नाही. जे डोळ्यांपुढे उभे राहते ते स्मरणातून जात नाही.

आता इंग्रजीत कापडाचे इतके वाक्प्रचार का असावेत, याचे कारण इतिहासात आहे. यंत्रयुग येण्यापूर्वी कित्येक शतके इंग्लंडची संपत्ती म्हणजे मेंढीची लोकर आणि तिचे कापड. विलायतेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये, सभापतीला बसावयास खुर्ची नसते. लोकर भरलेली एक तांबडी बैठक असते व तिला 'वूलसॅक', म्हणजे लोकरीचे पोते, असेच म्हणतात. ही प्रथा चौदाव्या शतकापासून चालत आली आहे. राज्याचे वैभव कशावर उभे आहे, याचा विसर पडू नये म्हणून ही योजना. ज्या देशाने लोकरीच्या पोत्याला इतका मान दिला, त्याच्या भाषेत लोकर आणि सूत यांनी घर केले तर नवल नाही.

आपण कापड जसे तयार होते त्याच क्रमाने जाऊ. प्रथम पिंजणे, मग कातणे, मग विणणे, मग ताणणे आणि रंगविणे.

लोकर किंवा अंबाडीसारखा वाख सुटा करण्याच्या क्रियेशी संबंधित दोन इंग्रजी शब्द आहेत. एक 'टीझ'. आज त्याचा अर्थ चिडविणे, खोडी काढणे असा होतो. परंतु मुळात त्याचा अर्थ लोकरीचे तंतू ओढून ओढून मोकळे करणे असा होता. 'टीझ आउट' म्हणजे गुंतागुंतीच्या विषयातून एकेक मुद्दा वेगळा काढणे. दुसरा शब्द 'हेकल'. वाख विंचरावयाच्या लोखंडी दातांच्या फणीला हे नाव होते. पुढे स्कॉटलंडमध्ये सभेत उभ्या राहिलेल्या वक्त्याला प्रश्नांनी टोचून बेजार करणे याला 'हेकल करणे' म्हणू लागले. आता आपल्याकडे पहा. पोलिसांनी चोरासाठी सारे रान "पिंजून काढले" असे आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. हे पिंजणे पिंजाऱ्याच्या कमानीचे. कापसाचा कण न् कण मोकळा व्हावा तशी जमिनीची तसू न् तसू पाहिली, हा त्यातील भाव. तिकडे लोकर, इकडे कापूस. परंतु दोन्हीकडच्या माणसाला शोधाची उपमा एकाच कामातून सुचली.

पिंजल्यावर कातणे. 'स्पिन्‌स्टर' म्हणजे मूळ अर्थाने सूत कातणारी स्त्री. कातणे हे विलायतेत मुख्यत्वे स्त्रियांचे काम होते आणि अविवाहित स्त्रीला त्यावर आपला चरितार्थ चालविता येई. त्यामुळे सतराव्या शतकापर्यंत 'स्पिन्‌स्टर' हा शब्द कायद्याच्या कागदात अविवाहित स्त्री या अर्थाने रूढ झाला. पुढे त्याला हेटाळणीचा वास येऊ लागला, आणि अखेर 2005 साली इंग्लंड-वेल्सच्या विवाहनोंदणीतून तो काढून टाकण्यात आला. माझ्या भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे की, जो शब्द पुढे टोमणा झाला तो जन्मतः एका कमावत्या हाताचे नाव होता. त्याचप्रमाणे कातताना वाख गुंडाळून ठेवावयाच्या काठीला 'डिस्टाफ' म्हणत. कुळातील आईकडच्या बाजूला 'डिस्टाफ साइड' म्हणतात, ते यावरून.

कातण्यावरूनच 'टु स्पिन अ यार्न' हा वाक्प्रचार आला. त्याचा अर्थ लांबलचक, तिखटमीठ लावलेली गोष्ट सांगत बसणे. हा मात्र विणकरांचा नसून खलाशांचा आहे. गलबतावर रिकाम्या वेळी दोरखंडांसाठी धागे वळीत बसावे लागे आणि हात चालू असताना तोंडही चालू राही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो छापील इंग्रजीत दिसू लागतो. आता एखाद्याचे भाषण संपता संपत नसले की आपण काय म्हणतो? "काय चऱ्हाट लावले आहे!" चऱ्हाट म्हणजे दोरच. दोर वळणाऱ्याचे काम आणि बोलणाऱ्याचे बोलणे या दोन्ही गोष्टी लांबतच जातात, हे आपल्या शेतकऱ्याला आणि त्यांच्या खलाशाला स्वतंत्रपणे उमगले. माझे भाषण चऱ्हाट होऊ लागले तर अध्यक्षमहाराजांनी घंटा वाजवावी.

सुताच्या गुंडीला जुन्या इंग्रजीत 'क्ल्यू' म्हणत. आज त्याचा अर्थ सुगावा. सुताची गुंडी आणि सुगावा यांचा संबंध काय? ग्रीक पुराणात क्रीट बेटावर एक भूलभुलैया होता व त्यात नरभक्षक राक्षस राहत असे. थिसिअस नावाचा वीर त्याला मारावयास निघाला, तेव्हा राजकन्या अरिअ‍ॅड्‌नी हिने त्याला सुताची गुंडी दिली. ती उलगडीत तो आत गेला आणि राक्षसाला मारून त्याच सुताच्या आधाराने बाहेर आला. तेव्हापासून जी गोष्ट गोंधळातून वाट दाखविते ती 'क्ल्यू'. मराठीत आपण म्हणतो, "गुन्ह्याचे धागेदोरे सापडले." यामागे अशी कोणतीही कथा नाही, पण धाग्याच्या टोकाला धरून गेले म्हणजे मुळापाशी पोहोचता येते, हे ज्याने एकदा तरी गुंता सोडविला आहे त्याला कथेवाचून कळते. "सुतावरून स्वर्ग गाठणे" हेही त्याच कुळातले, फक्त त्यात थोडी थट्टा आहे.

आता प्रत्यक्ष मागाकडे वळू. 'एअरलूम' हा शब्द सोन्याचांदीच्या जाहिरातींतही आढळतो. पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेली मौल्यवान वस्तू असा त्याचा अर्थ. त्यातील 'एअर' म्हणजे वारस आणि 'लूम' म्हणजे आपण आज माग समजतो तोच शब्द. मात्र जुन्या इंग्रजीत 'लूम' म्हणजे कोणतेही अवजार. बापाकडून मुलाकडे आलेले अवजार ते 'एअरलूम'. पुढे 'लूम' या शब्दाचा अर्थ संकोचत संकोचत केवळ मागापुरता राहिला. म्हणजे साऱ्या अवजारांचे सामान्य नाव शेवटी ज्या एका अवजाराला मिळाले, ते अवजार आपले. आणि वारशाची मूळ कल्पना सोन्याच्या दागिन्याची नव्हती, हत्याराची होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा, त्याला इंग्रजीत 'शटल' म्हणतात. 1733 साली जॉन के या इंग्रज कारागिराने दोरी ओढताच आपोआप धावणाऱ्या धोट्याचे पेटंट घेतले आणि विणकामाचा वेग एकदम वाढला. दोन गावांच्या दरम्यान सतत ये-जा करणाऱ्या गाडीला आपण 'शटल' म्हणतो, ती म्हणजे रुळांवरचा धोटा. 1973 सालच्या अरब-इस्रायल युद्धानंतर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्‍री किसिंजर हे दोन्ही पक्षांच्या राजधान्यांत विमानाने फेऱ्या मारीत वाटाघाटी करीत होते. त्या राजकारणाला 'शटल डिप्लोमसी' हे नाव मिळाले. ज्या मुलाने आपल्या आजोबांच्या हातातील धोटा पाहिला आहे, त्याला हा शब्द कोशात पाहण्याची गरज पडू नये.

विणून झालेले लोकरीचे कापड धुतल्यावर आक्रसते. ते सारखे वाळावे म्हणून लाकडी चौकटीवर ताणून बसवीत. या चौकटीला 'टेंटर' आणि तिच्यावरील वाकड्या खिळ्यांना 'टेंटरहुक्स' म्हणत. लंडनच्या स्पिटलफील्ड्‌स या विणकरांच्या जुन्या वस्तीत 'टेंटर ग्राउंड' या नावाचा रस्ता आजही आहे. परीक्षेचा निकाल लागावयाचा आहे, शस्त्रक्रियेच्या खोलीचा दरवाजा उघडावयाचा आहे, अशा वेळी मनाची जी अवस्था होते तिला इंग्रजीत 'ऑन टेंटरहुक्स' म्हणतात. आणि आपण मराठीत काय म्हणतो? "जीव टांगणीला लागला." टांगलेला जीव आणि खिळ्यांवर ताणलेले कापड. मला या दोन वाक्प्रचारांइतकी जवळची जोडी दुसरी आढळली नाही.

त्यात आणखी एक मौज आहे. 'टेंटर' हा शब्द लॅटिन भाषेतील 'टेन्डेरे', म्हणजे ताणणे, या धातूपासून आला. संस्कृतात ताणणे, पसरणे या अर्थी 'तन्' धातू आहे. हे दोन्ही धातू एकाच प्राचीन मूळ भाषेतून निघाले, असे भाषाशास्त्र सांगते. 'तन्' पासून तंतू, त्यापासून ताणा आणि ताण. म्हणजे यॉर्कशायरच्या विणकराची चौकट आणि सोलापूरच्या साळ्याचा ताणा हे नुसते शेजारी नसून नात्याने चुलतभाऊ आहेत.

रंगाविषयी एक वाक्प्रचार प्रसिद्ध आहे: 'डाइड इन द वूल'. कापड विणल्यावर रंगविले तर रंग वरवर बसतो. पण लोकर कातण्यापूर्वीच रंगविली तर रंग तंतूच्या अंतरंगात जातो आणि सहसा जात नाही. यावरून ज्याची मते किंवा स्वभाव मुळापासून पक्का आहे अशा माणसाला हे विशेषण लावतात. आपण "हाडाचा शिक्षक", "मुरलेला राजकारणी" म्हणतो त्यातला भाव हाच. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर पहा. तिच्यावरील मोर आणि फुले ही छापलेली नसतात. आधी रंगविलेल्या सुताची ती विणलेली असतात. म्हणून चादर उलटी केली तरी नक्षी दिसते. 'डाइड इन द वूल' समजावून देण्यास याहून चांगले साधन कोणत्या शिक्षकाला हवे?

चांगल्याबरोबर वाईटही सांगितले पाहिजे. हलक्या, टाकाऊ कामाला इंग्रजीत 'शॉडी' म्हणतात. हे मुळात एका कापडाचे नाव आहे. 1813 साली यॉर्कशायरमधील बॅटली या गावी बेंजामिन लॉ याने जुन्या लोकरीच्या चिंध्या फाडून, त्यांचे तंतू करून, ते नव्या लोकरीत मिसळून पुन्हा सूत काढण्याची युक्ती शोधली. त्या सुताच्या कापडाला 'शॉडी' म्हणत. गरिबाला स्वस्त ऊब देणारा तो धंदा होता. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि काही ठेकेदारांनी शॉडीचे गणवेश सैनिकांना पुरविले. ते पावसापाण्यात विरून गेले आणि त्या दिवसापासून शब्दाची अब्रू गेली. आज हे शॉडीचे सूत मोठ्या प्रमाणावर कोठे निघते, ठाऊक आहे? हरियाणातील पानिपतात. 1761 सालच्या लढाईपासून मराठीत ज्या गावाच्या नावाचा अर्थच धूळधाण असा झाला, त्या गावात आज जगभरच्या चिंध्यांपासून पुन्हा घोंगड्या तयार होतात. शब्द बदनाम झाला म्हणून वस्तू निरुपयोगी होत नाही, आणि एका पराभवाने गाव संपत नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. साम्य दिसले की भाषांतर करून मोकळे होऊ नये. "हे प्रकरण म्हणजे भिजत घोंगडे आहे" असे आपण म्हणतो. भिजलेले घोंगडे जड होते व लवकर वाळत नाही. त्याप्रमाणे जे काम निकालात न निघता लोंबकळत राहते ते भिजत घोंगडे. आपल्या जिल्ह्यातील माणदेशी घोंगडी ज्यांनी पावसात वापरली आहेत त्यांना याचा अनुभव असेल. इंग्रजीतही 'वेट ब्लँकेट' हा वाक्प्रचार आहे, शब्दशः तोच! परंतु त्याचा अर्थ अगदी निराळा. आग विझविण्यासाठी तिच्यावर ओली घोंगडी टाकीत. त्यावरून चार जणांच्या आनंदावर विरजण घालणाऱ्या माणसाला 'वेट ब्लँकेट' म्हणतात. एक प्रकरण आहे, दुसरा माणूस आहे. "फाईल इज अ वेट ब्लँकेट" असे लिहिणाऱ्या उमेदवाराची नोकरीही भिजत पडावयाची.

याउलट शब्द निराळे आणि अर्थ एकच, अशाही जोड्या आहेत. 'कट युअर कोट अकॉर्डिंग टु युअर क्लॉथ' म्हणजे कापड असेल तेवढा कोट शिवा. आपण म्हणतो, "अंथरूण पाहून पाय पसरावे." थंड देशाच्या माणसाला कोटाची चिंता, आपल्याला अंथरुणाची. खिशातून स्वतःचे पैसे घालणे याला ते 'आउट ऑफ पॉकेट' म्हणतात. आपण त्याला "पदरमोड" म्हणतो, कारण आपल्या आया-आज्यांच्या पैशाची गाठ खिशात नसे, पदराला असे. ज्याचे जसे वस्त्र तशी त्याची भाषा. 'कव्हर अप' याला आपल्याकडे "पांघरूण घालणे" आहे. चादरींच्या या गावात कोणाच्या चुकांवर घालावयास पांघरूण कमी पडत नाही, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही.

काही वाक्प्रचार इंग्रजीतून येऊन मराठीच झाले आहेत. "डोक्यावर टांगती तलवार" हा त्यांपैकी एक. सिरॅक्यूजचा राजा डायोनिसिअस याच्या वैभवाचा हेवा करणाऱ्या डॅमोक्लीज नावाच्या दरबाऱ्याला राजाने एक दिवस आपल्या आसनावर बसविले आणि वर घोड्याच्या एका केसाला नागवी तलवार बांधून ठेवली. ही कथा रोमन लेखक सिसेरो याने सांगितली आहे. दुसरा "लाल फितीचा कारभार". इंग्लंडात सरकारी व न्यायालयीन कागद तांबड्या फितीने बांधीत. ती फीत सोडल्यावाचून कागद हलत नसे. हा वाक्प्रचार आपण उचलला खरा. परंतु त्याआधीही आपल्याकडे असेच काही होते. पेशवाईचे कागद रुमालांत बांधलेले असत आणि पोथ्या बासनात. एखादी योजना मागे पडली की आपण आजही म्हणतो, "बासनात गुंडाळली." लाल फीत विलायतेहून आली, बासन घरचेच आहे. दोन्ही सुताचीच, आणि दोन्हीपायी अर्जदाराचा खेटा चुकत नाही.

आपण घेतलेच तेवढे नाही, दिलेही आहे. इंग्रजी 'चिंट्‌झ' म्हणजे आपली छीट. 'कॅलिको' हे कालिकतवरून. 'बँडॅना' बांधणीवरून. आणि जगभरच्या कामगारांच्या अंगावरची जाडीभरडी 'डंगरी' ही मुंबईतील डोंगरीच्या कापडावरून. इंग्रजांचे जहाज आपल्या बंदरातून गेले ते नुसते कापड घेऊन गेले नाही, शब्दही घेऊन गेले.

उगम शोधताना एक पथ्य पाळावे लागते. गोष्ट जितकी सुंदर तितकी ती तपासून घ्यावी. 'द होल नाइन यार्ड्‌स' म्हणजे पुरेपूर, सबंध. कोणी याचा संबंध नऊवारी लुगड्याशी जोडतात आणि आपल्याला बरेही वाटते. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकन वर्तमानपत्रांत हाच वाक्प्रचार 'सहा यार्ड' असाही सापडतो. तेव्हा नऊ या आकड्यात काही विशेष नव्हते, हे उघड आहे. त्याचप्रमाणे 'सॅबोटाज' हा शब्द, फ्रेंच कामगारांनी 'साबो' नावाचे लाकडी जोडे मागात फेकून यंत्रे मोडली त्यावरून आला, असे सांगतात. जोड्याच्या नावावरून शब्द आला हे खरे. पण जोडे मागात फेकल्याचा पुरावा नाही. आपल्याकडे 1773 साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला, त्यावरून "ध चा मा करणे" हा वाक्प्रचार पडला. 'धरावे'चे 'मारावे' कोणी केले याची कथा घरोघर सांगितली जाते. परंतु कथा आणि पुरावा यांत अंतर असते, हे विद्यार्थ्याने विसरू नये.

यंत्रमोडीची खरी गोष्ट मात्र इतिहासात नमूद आहे. 1811 साली नॉटिंगहॅमच्या परिसरात मोजे विणणाऱ्या कारागिरांनी, आपली मजुरी बुडविणाऱ्या यंत्रचौकटी फोडण्यास सुरुवात केली. नेड लड या कल्पित पुढाऱ्याच्या नावाने ते पत्रके काढीत, म्हणून त्यांना 'लडाइट' म्हणत. 1812 साली सरकारने यंत्रे फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठरविणारा कायदा आणला, तेव्हा कवी बायरन याने वरिष्ठ सभागृहात या विणकरांच्या बाजूने भाषण केले. आज 'लडाइट' म्हणजे नव्या यंत्राला विरोध करणारा मागासलेला माणूस, अशी शिवी झाली आहे. त्या शब्दामागे किती घरांच्या चुली विझल्या होत्या, हे शब्दकोशातल्या एका ओळीत मावत नाही. सोलापूरकरांना ते निराळे सांगावयास नको. 1877 साली सुरू झालेली आपली जुनी गिरणी गेली, तिच्यामागून लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि आता यंत्रमागही किती घरांत अबोल उभे आहेत, हे येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांना माहीत आहे.

आणि येथेच मला माझ्या मुख्य मुद्द्यावर यावयाचे आहे. टेंटरची चौकट विलायतेतून कधीच नाहीशी झाली. डिस्टाफ आता संग्रहालयात पहावा लागतो. तरीही ते शब्द जिवंत आहेत, कारण त्या समाजाने ते बोलण्यात ठेवले, पुस्तकात लिहिले, कोशात नोंदविले आणि शाळेत शिकविले. धंदा गेला तरी धंद्याची भाषा त्यांनी जाऊ दिली नाही. आपले काय? आपल्या घरांतून माग जसा बाहेर पडला, तसा त्याच्याबरोबर धोटा, फणी, कांडी, खळ, ताणा हे शब्दही उंबऱ्याबाहेर चालले आहेत. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने मराठी पंडितांच्या साहाय्याने 1831 साली मराठी-इंग्रजी कोश छापला. दाते आणि कर्वे यांनी विसाव्या शतकात महाराष्ट्र शब्दकोश आणि वाक्संप्रदाय कोश सिद्ध केले. त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु सोलापुरातल्या एखाद्या साळ्याच्या घरात मागावर बसल्या बसल्या जे बोलले जाई, ते सारे कोणत्या कोशात सापडणार? ते ज्यांच्या तोंडी आहे त्यांची वये आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपली काही मुले मुलाखतीत वडिलांचा व्यवसाय विचारला असता चाचरतात. विणकर म्हणावयाची त्यांना लाज वाटते. इंग्रजी बोलता येते ही त्यांची प्रतिष्ठा, आणि माग ही त्यांची अडचण. या मुलांना माझे सांगणे आहे की, ज्या इंग्रजीचा तुम्हांला अभिमान वाटतो ती तुमच्या आजोबांच्या धंद्यातल्या शब्दांनी भरलेली आहे. पुस्तकातील मजकुराला 'टेक्स्ट' म्हणतात. तो शब्द लॅटिन 'टेक्सेरे', म्हणजे विणणे, यावरून आला. 'टेक्स्टाइल' त्याचाच भाऊ. आपल्याकडे सूत्र म्हणजे धागा आणि सूत्र म्हणजे शास्त्राचे वचन. 'तंत्र' या संस्कृत शब्दाचा एक मूळ अर्थ माग, मागावरील ताणा. आज ज्या 'तंत्रज्ञाना'च्या पदव्यांसाठी तुम्ही रात्रंदिवस झटता, त्या शब्दाच्या बुडाशी आपला माग आहे. अगदी बरोबर या अर्थी आपण 'तंतोतंत' म्हणतो, म्हणजे तंतूला तंतू जुळलेला. लिहिणे आणि विणणे या दोन क्रिया जगाच्या दोन टोकांना माणसाने एकाच नावाने ओळखल्या. मग यात लाजण्यासारखे काय आहे?

म्हणून समाजापुढे माझ्या तीन सूचना आहेत, आणि त्यांना खर्च काही नाही. पहिली, प्रत्येक घराने एक साधी वही करावी. घरातील वृद्ध स्त्री-पुरुषांना विचारून मागाच्या प्रत्येक भागाचे नाव, प्रत्येक क्रियेचे नाव, मागावर बसून म्हटल्या जाणाऱ्या म्हणी, जशा बोलल्या जातात तशा, शुद्ध-अशुद्धाचा विचार न करता लिहून ठेवाव्यात. कांड्या भरण्याचे काम बहुधा स्त्रियांनीच केले आहे, तेव्हा त्यांना विसरू नये. दुसरी, पुढील वर्षीच्या या स्मरणिकेत काही पाने या शब्दसंग्रहासाठी राखून ठेवावीत आणि ज्या घराने जो शब्द दिला त्या घराचे नाव त्यापुढे छापावे. तिसरी, जे पालक मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात त्यांनी घरी इंग्रजी वाक्प्रचार पाठ करून घेताना शेजारी मराठी वाक्प्रचार लिहावयास लावावा. 'ऑन टेंटरहुक्स'च्या समोर "जीव टांगणीला लागणे", 'स्पिन अ यार्न'च्या समोर "चऱ्हाट लावणे". त्यामुळे दोन्ही भाषा पक्क्या होतील आणि कोणतीही एक दुसरीच्या पायाखाली जाणार नाही.

समाजातील सर्व कुटुंबांनी या वह्या दिवाळीपर्यंत चिटणीसांकडे आणून द्याव्यात. त्यांतील शब्द वर्णानुक्रमाने लावण्याचे आणि शुद्धप्रत तयार करण्याचे काम मी आनंदाने करीन.